सूर्य बुडायच्या आधी

एक डोळा झाला होता. दुसऱ्याची पांढरी जागा तशीच कोरी होती आणि कुंचला तिच्यापासून अर्ध्या बोटावर थांबला होता, कारण पाठीमागं रंगाच्या डब्यांवर ठेवलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमधून दिनानाथची मुलगी ओरडत होती. ओरडत होती म्हणजे गात होती. आधी गिटारींचा कल्लोळ, पत्र्यावर दगड पडावेत तसे ड्रम, आणि त्यातून वर येणारा मैनाचा आवाज, लहानपणी तापात व्हायचा तसा घोगरा. उतरव मडकं, करपेल रे. शेंग आतली करपेल रे. दिनानाथला आधी आवाज ओळखू आला, मग शब्द ओळखू आले, आणि शब्द ओळखू आल्यावर आवाज मैनाचा राहिला नाही.

उजाडलं का?
नाय अजून.
उजाडलं का?
नाय अजून.

पेणच्या या कारखान्यात तो तीस वर्षं फक्त डोळे आखत होता. साचा, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं दुसऱ्यांचं. शेवटी तो यायचा, मूर्तीसमोर पाटावर बसायचा, श्वास धरायचा आणि बुबुळ टेकवायचा. समोर उभं राहील त्याच्याकडं गणपतीनं बघितलं पाहिजे, ही त्याच्या हाताची ख्याती. आणि दोन्ही डोळे एका बैठकीत, एक करून उठायचं नाही, हा कारखान्याचा नियम. माघी गणपतींची रांग समोर होती, डिसेंबरचं ऊन दारातून आत आलं होतं, आणि गाणं संपत आलं होतं. शेवटचं ‘उजाडलं का’ मैनानं वाद्यांशिवाय विचारलं. उत्तर आलं नाही. काहीच आलं नाही. मोबाइल बंद पडला असं वाटावं इतका वेळ काही आलं नाही, आणि मग गाणं संपलंच होतं.

“लढाईवरनं परत आलेल्यांचं गाणं हाय, काका,” सोंडा रंगवणारा केरू म्हणाला. “सगळ्या मोबाइलवर फिरतंय. तुम्ही पण होतात ना लष्करात? शेवट बघितलात? गप्पच.”

दिनानाथ उठला. कुंचला पाण्यात बुडवला, पुसला, जागेवर ठेवला. कारखान्याचा मालक गुणाजी दारात हिशेबाला नाही, मूर्ती मोजायला उभा होता. त्यानं कोरा डोळा बघितला.

“काका, एका डोळ्याचा ठेवून उठलात?”

“उद्या येतो.”

“अहो उद्या. तोवर हा माझ्याकडं असा बघणार काय?”

“तोंडावर कपडा टाक,” दिनानाथ म्हणाला आणि चपला घातल्या.

आज त्याला तसंही रोह्याला जायचं होतं. दर वर्षी या दिवशी जायचा, तारीख बदलायची, दिवस तोच. रोह्याजवळच्या वरशाला हन्नाबाय तिच्या गेलेल्या भावाचा सालाचा दिवा लावायची, काल सूर्य बुडताना लावलेला आज सूर्य बुडेपर्यंत जळायचा, आणि तो विझायच्या आत दिनानाथ जाऊन तिच्यासमोर बसायचा. एलियासचा दिवा. अडतिसावा. आणि तिथला शेवटचा, कारण जानेवारीत हन्नाबाय तिच्या भाचीकडं, ज्युडिथकडं, इस्रायलला कायमची जाणार होती. म्हणजे जे सांगायचं ते आज. आज सकाळपर्यंत सांगायचं असं काही नव्हतं. होतं, पण ते आत होतं, दगड विहिरीत असतो तसं, वरून बघितलं तर नुसतं पाणी. आता ते सगळ्या मोबाइलवर फिरत होतं.

स्टँडवर त्यानं मैनाला फोन लावला. दुपारचे दोन म्हणजे मुंबईत तिची सकाळ. “ऐकलंत, बाबा?” ती म्हणाली, तिच्या आवाजात आनंद होता आणि आनंदाच्या मागं भीती होती, आणि त्याला आधी भीती ऐकू आली. “सांगणार होते मी. नाव कुणाचं घातलेलं नाही. तुमचं नाही, त्यांचं नाही, गावाचं पण नाही.”

“मडकं घातलंस ना.”

ती मग म्हणाली, “बाबा, कालच एका सुभेदाराचं पत्र आलं. पासष्टच्या लढाईतले. लिहिलंय, मी बायकोला चाळीस वर्षं जे सांगू शकलो नाही ते तिला हे गाणं लावून दाखवलं. तुम्ही मला सांगितलंत म्हणून—”

“मी तुला सांगितलं नव्हतं. मला दिसत नव्हतं म्हणून मी बोललो.”

“म्हणजे काय?”

“गाडी लागली,” तो म्हणाला. गाडी लागली नव्हती.

दिसत नव्हतं हे खरं होतं. दोन वर्षांमागं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, इस्पितळातली खाट, आणि कधीतरी जाग आल्यावर काळोखात त्याच्याच तोंडातून आलं, उजाडलं का? शेजारी मैना बसलेली. ती सहज म्हणाली, नाय अजून. ती मुंबईत ‘नाही’ म्हणते; त्या वेळी बापाच्या बोलीत बोलली, लाडानं. तेवढ्यानं झालं. छत्तीस वर्षं ज्याच्यावर बसून राहिला होता ते उठून उभं राहिलं आणि तो पट्टीच्या आत डोळे उघडे ठेवून बोलत गेला. शेत, धूर, मडकं. बोलत बोलत एका जागी आला आणि थांबला. तिथून पुढं बोलला नाही. मैनानं वाट बघितली असेल. तिला वाटलं असेल बाबांना भरून आलं. तिनं ते थांबणं जसंच्या तसं गाण्याच्या शेवटी ठेवलं. लोक म्हणतात, शेवट बघितलात? गप्पच. रॉक म्हणजे नक्की काय गो, असं त्यानं तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, ओरडायची परवानगी. पण सगळं गाणं ओरडून तिनं बरोबर त्याच जागी तोंड मिटलं होतं जिथं तो मिटून बसला होता, आणि तिला माहीत नव्हतं तिथं काय आहे.

उशिरानं सुटलेली गाडी वडखळवरून नागोठण्याला आली. खिडकीबाहेर कापलेली शेतं, मधूनच वालाचे हिरवे तुकडे, शेंगा अजून भरल्या नव्हत्या. आणखी महिन्याभरात संध्याकाळी बांधांवर पोपट्या लागतील. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला, तोंड बांधून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि काटक्या. त्याच्या खांब गावच्या शेतात तो आणि एलियास लावायचे. एलियास वरशाचा, ज्यू तेल्यांच्या घरातला, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांतला. पोपटी लावली की त्याला दम नसायचा. जाळ लागल्यापासून पाच मिनिटांत सुरू व्हायचा, उतरव मडकं, करपेल. हन्नाबाय, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणायची, अरे मेल्या, शिजू तर दे. दोघं एकाच दिवशी भरती झाले. एकाच पलटणीत गेले. एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर एकाच बांधाच्या आडोशाला होते, आठ तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास, एलियासला कमरेखाली गोळी लागली आणि तो लगेच गेला.

लगेच गेला. हे वाक्य त्यानं पहिल्यांदा जानेवारीत वरशाच्या ओटीवर म्हटलं. एलियासची आई भिंतीला टेकून बसलेली, हन्नाबाय दारात, आणि समोर खुर्चीवर निसीमकाका, त्यांच्या मशिदीचं बघणारे. ती माणसं आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत. त्रास झाला का रे त्याला, आईनं विचारलं. नाय, लगेच गेला. हे वाक्य सगळेच शिपाई सगळ्याच आयांना सांगतात, त्यात काही वाईट नव्हतं. पण निसीमकाकांनी मांडीवरचं पंचांग उघडलं, त्यांच्या महिन्यांचं, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “किती वाजता?”

“तीन.”

“सूर्य बुडायच्या आधी?”

त्याला प्रश्न कळला नाही. काकांनी समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं हळू. आमचा दिवस रात्री बाराला बदलत नाय, बाळा. सूर्य बुडाला की बदलतो. आधी गेला असला तर आमच्या किसलेव महिन्याची वीस, नंतर गेला असला तर एकवीस. दर साली त्या दिवशी त्याचा दिवा लागणार, त्याच्या नावानं कद्दिश, गेलेल्याची प्रार्थना, म्हणणार. तारेत नुसतं आठ डिसेंबर लिहिलंय, त्यावरनं कळत नाय. तू जवळ होतास. तू सांगशील ती साक्ष.

पेन उघडं होतं. ओटीवर ऊन होतं. त्या वेळी बोलता आलं असतं.

“आधी,” दिनानाथ म्हणाला.

काकांनी लिहिलं. पुन्हा एकदा वर बघितलं. “नक्की?”

“नक्की.”

तिथं पूर्वेला सूर्य लवकर बुडायचा. पाच वाजायच्या आत. त्यानं बघितला होता बुडताना, मोठा, लाल, ताडांच्या मागं, आणि एलियासनंही बघितला होता, कारण तो म्हणाला, दिना, किती लवकर रे. पलटण पुढं गेली होती. तू थांब, स्ट्रेचर येतंय, असं सांगून गेली होती. शेत कापलेलं, अगदी खांबचं असावं तसं, बुटाखाली मोडणारी धसकटं तशीच, बांध तसाच, फक्त डोंगर नाही. डोंगर नाही म्हणून दिशा कळत नव्हती. लांब कुठलं तरी गाव जळत होतं. त्याचा धूर जमिनीसरशी आला आणि एलियास हुंगायला लागला. तोफा चालू होत्या, त्या कानाला नाही, पोटाला ऐकू यायच्या. मैनाचे ड्रम तसे नाहीत, ते कानातच राहतात. एलियास म्हणाला, पाला कमी घातलास. मग म्हणाला, उतरव मडकं, करपेल. मी म्हणालो, उतरवतो. पुन्हा म्हणाला. पुन्हा उतरवतो म्हणालो. किती मडकी उतरवली त्या रात्री. मधे मधे शुद्धीवर यायचा आणि मग मडक्याचं काही नाही, मग नुसतं, उजाडलं का? उजाडलं की स्ट्रेचर येईल हे त्याला ठाऊक होतं. मी म्हणायचो, नाय अजून. उजाडलं का? नाय अजून. माझा हात त्याच्या हाताखाली होता, तो दाबायचा, मग विचारायचा. दाबणं हलकं होत गेलं. त्याच्या आधीच्या तीन रात्री आम्ही डोळा मिटला नव्हता. धुकं उतरलं. उजाडलं का, म्हणाला. नाय अजून, म्हणालो, आणि

“कोलाड, कोलाड. दहा मिनटं थांबंल,” कंडक्टर म्हणाला.

दिनानाथ खाली उतरला नाही. खिडकीतून वडे तळल्याचा वास आत आला. खांब मागं गेलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. अडतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. फोन वाजला, गुणाजी होता. कपडा टाकलाय, म्हणाला, पण येणारी-जाणारी माणसं उचलून बघतायत. दिनानाथनं हं म्हटलं. त्याला वाटलं, मोबाइल, रेडिओ, चहाच्या टपऱ्या, कुठल्या कुठल्या बाजूंनी ते गाणं या क्षणी वरशाकडं चाललं असेल, आणि ही गाडी दहा मिनिटं इथं उभी आहे. दर साली त्या दिव्यासमोर बसायचं. ग्लासात खाली पाणी, वर बोटभर तेल, तेलावर वात. हन्नाबाय म्हणायची, याच दिवशी, याच वेळी रे. तो मान हलवायचा. पहिल्या वर्षी मान हलवली ती आईकडं बघून. आई गेल्यावर हन्नाबायकडं बघून. पुढं पुढं मान आपोआप हलायची. घरचे एकेक करून विमानात बसले, निसीमकाका मेले, मशिदीत कद्दिशला लागणारे दहा पुरुष जमेनात म्हणून ते बंद झालं, उरला एवढा एक दिवा, तोही चुकीच्या दिवशी. दिव्याबद्दलचं खोटं त्याला जेवढं सोसत नव्हतं, तेवढंच तेही सोसत नव्हतं, जे गाण्यात नव्हतं.

वरशाला पोचला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. मागं-पुढं इमारती उठल्या होत्या, मधे हन्नाबायचं कौलारू घर त्यांच्या पायांशी बसल्यासारखं. दार उघडंच होतं. आत दोन बॅगा तोंड वासून पडलेल्या, आणि भोवती सगळं घर बाहेर काढलेलं.

“आलास? मला वाटलं यंदा येत नायस.”

“येणार नाय कसा.”

“बस. त्या पाटावर नको, तो द्यायचाय मैनाला. ज्युडिथ म्हणते दोनच बॅगा, मावशी. आता दोन बॅगांत काय घालू, पाटा घालू का वरवंटा?” ती पासष्ट वर्षांची, बारीक, कानात अजून तीच कुडी. चहा झाला. त्यानं बशीत ओतला आणि तो बशीतच राहिला. कोनाड्यात दिवा होता. तेल पाव बोटापेक्षा कमी उरलेलं. खाली पाणी स्वच्छ, ज्योतीचं टोक त्यात उलटं. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि चर्र करून विझते, दर वर्षी सूर्य बुडायच्या सुमारास. हन्नाबायचा हात तेल घालताना कधी चुकला नव्हता. पूर्वेच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन चढलं होतं. खाली उतरणार नव्हतं आता.

“हन्नाबाय.”

“बोल.”

“एलियास लगेच नाय गेला.”

ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, बॅगेत ठेवली, हातानं दाबली. “मग?”

“रात्र झाली होती. सूर्य बुडून लय वेळ झाला होता. तुमचा दिवस बदलला होता. काकांना मी खोटं सांगितलं.”

हन्नाबाय खाली बसली. त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा विचारेल काय बोलतोस. तिनं फक्त पदर सारखा केला.

“ज्युडिथनं चार दिवसांमागं फोनवर ऐकवलं,” ती म्हणाली. “मावशी, आपल्या पोपटीचं गाणं हाय, म्हणाली. तिला काय ठाऊक. मला मडक्यापाशीच कळलं. असं आमच्या घरात एकच माणूस बोलायचं.”

“ऐकलंस?”

“तीनदा.”

“मग काल दिवा—”

“मग काय करू? गाण्यावरनं दिवस बदलू?” पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “गाणं साक्ष देतं का? काकांना तू तोंडानं सांगितलंस, आधी म्हणून. तर बदलायचं पण तोंडानंच. मी म्हटलं, बघू, येतो का. आला तर सांगतो का. न सांगता चहा पिऊन गेला असतास ना, दिना, तर मी तोच दिवस घेऊन विमानात बसले असते.”

इमारतीच्या गच्चीवरचं ऊन गेलं. कुठंतरी गॅलरीत कुणीतरी दिवे लावले, पांढरे, नळीचे.

“किती वाजता?” ती म्हणाली. निसीमकाकांसारखंच.

“ठाऊक नाय.”

“जवळ नव्हतास?”

“जवळ होतो. हात त्याच्या हाताखाली होता.” बोलताना त्याला कळलं की इथंच तो पट्टीखाली थांबला होता, इथंच गाणं थांबतं, आणि या जागेला यापुढं शब्द आहेत. साधेच आहेत. “नाय अजून म्हणालो आणि माझा डोळा लागला. तीन रात्री झोप नव्हती. उठलो तेव्हा उजाडलं होतं. त्यानं पुन्हा विचारलं असेल, हन्नाबाय. किती वेळा ते मला ठाऊक नाय. मी झोपलो होतो.”

चर्र झालं नाही, पण वात बारीक फडफडली. हन्नाबाय उठली आणि आत गेली. आत काळोख होता. भांडं वाजलं, मग काहीच वाजलं नाही. दिनानाथला वाटलं ती आता बाहेर येणार नाही, दिवा विझेल, आपण उठून चपला घालू, आणि सातची गाडी असेल. तो उठलाही अर्धा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तेलाची बाटली होती. तिनं ग्लासाच्या कडेनं धार सोडली, वात बुडू नये इतकी बारीक. ज्योत लहान झाली, एवढीशी, निळी. मग तेलावर चढली आणि उभी राहिली.

“आता त्याचा दिवस,” ती म्हणाली. बाटलीला बूच लावलं. मग दिव्याकडं बघत म्हणाली, “म्हणजे अडतीस वर्षं मी दिवा लावत होते त्या वेळी तो जिवंत होता. तिथं धसकटांत पडून उजाडलं का विचारत होता, आणि मी हिथं दिवा विझला म्हणून जेवायला बसत होते.”

“व्हय.”

“व्हय काय म्हणतोस.”

त्यानं बशी थोडी पुढं सरकवली.

“लय रागावलीस?” त्यानं मग विचारलं.

“थांब. येळ लागेल मला. अडतीस वर्षांचा राग हाय, एका चहात संपतोय काय.” तिनं त्याच्यासमोरची बशी उचलली, गार चहा मोरीत ओतला, परत आली. कोपऱ्यातली गुंडाळी सोडून चटई पसरली, भिंतीशी, दिव्यापासून हातभर लांब. बॅगेत घातलेली चादर पुन्हा काढली. “राहा आज.”

“सातची गाडी हाय.”

“राहा म्हटलं ना. दिवा मी बघते. तू पड.”

“आता कुठं पडू, हन्नाबाय. साडेसहा वाजलेत.”

“तीन रात्री झोपला नव्हतास म्हणालास ना.”

“ते तेव्हा.”

“पड,” ती म्हणाली आणि दिव्यासमोर मांडी घालून बसली, त्याच्याकडं पाठ करून. “उजाडलं की उठवते.”